झाकलं झाकण

रस्त्यात माणूस चक्कर येऊन पडला तर भोवती जमलेली गर्दी 'डॉक्टरला बोलवा' म्हणून ओरडते. रस्त्यात जुनी मोटार बंद पडली तर गर्दी कुणालाच बोलावत नाही. कारण गर्दीतला प्रत्येक जण स्वतःच डॉक्टर असतो. ज्याने आयुष्यात सायकलखेरीज काही चालवले नाही असा गृहस्थही हातातली मेथीची जुडी सावरत बॉनेटखाली डोकावतो आणि म्हणतो, "प्लगमध्ये कचरा असणार." दुसरा म्हणतो, "छे हो, बॅटरी उतरलीय." तिसरा काहीच बोलत नाही. तो नुसती मान हलवतो. मला या तिसऱ्याची सगळ्यात जास्त भीती वाटते. कर्ज मागायला आलेल्या माणसाचे कागद बघून आमचे मॅनेजरसाहेब अशीच मान हलवतात.

हे मी अनुभवाने सांगतो. आमच्याकडे १९८६ सालची प्रीमिअर पद्मिनी आहे. 'आमच्याकडे' म्हणजे अण्णांकडे. मी फक्त चालवतो आणि ढकलतो. ज्या काळात लोक नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट बघत, त्या काळात वाट बघून दमलेल्या एका गृहस्थाला अखेर ही गाडी मिळाली, आणि १९९१ साली अण्णांनी त्यांच्याकडून ती घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट अकराशेच्या घराण्यातली ही गाडी तयार होऊ लागली. १९७४ साली तिचे 'पद्मिनी' असे बारसे झाले. १०८९ सी.सी.चे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगला लगटून असलेला गिअरचा दांडा आणि पुढे एकसंध बाक. त्या बाकावर लहानपणी अण्णा, आई आणि मधोमध मी असे बसत असू. गिअर बदलताना अण्णांचे कोपर माझ्या कानाला लागे. माझ्या डाव्या भागात वाटत नसलेली अक्कल त्यामुळेच सांडली असावी, असे सौभाग्यवतींचे मत आहे.

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती आणि २०२३ च्या ऑक्टोबरात तिची वीस वर्षांची मुदत संपली. ती बातमी अण्णांनी दोनदा वाचली, पेपरची घडी घातली, खाली गेले आणि भर दुपारी आमच्या गाडीला पॉलिश केले. आपल्या पिढीतला माणूस गेला की म्हातारी माणसे आरशात बघून भांग पाडतात, तसेच ते होते.

अण्णांची निदानाची एक पद्धत आहे. त्यांना विचारावे, "गाडी बंद पडली, काय करू?" की ते विचारतात, "बंद पडली कशी ते आधी सांग. झटक्यात की आचके देत?" झटक्यात, म्हणजे कुणी दिवा मालवावा तशी गेली, तर दोष विजेचा. कॉइल बघा, कंडेन्सर बघा, डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट बघा. खोकत, आचके देत, जाऊ की नको करत गेली तर दोष पेट्रोलचा. पंप बघा, नळी बघा, कार्ब्युरेटरमधला जेट बघा. धूर निघत असेल तर त्याचा रंग बघायचा. काळा असेल तर गाडी पेट्रोल जास्त पितेय, निळसर असेल तर ऑइल पितेय, आणि इंजिन चांगले तापल्यावरही पांढरी वाफ येत राहिली तर पाणी पितेय. प्लग काढून त्याचे टोक बघायचे. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर कमी, आणि मारी बिस्किटासारखा तपकिरी असेल तर आनंदीआनंद. "इंजिनाला तीनच गोष्टी लागतात," अण्णा सांगतात, "पेट्रोल, हवा आणि ठिणगी. चौथी गोष्ट चालवणाऱ्याला लागते."

ती चौथी गोष्ट माझ्याकडे नाही, हे ते सांगत नाहीत. सुसंस्कृत माणूस आहेत.

तर २०२५ सालच्या सप्टेंबरपासून आमच्या गाडीला एक विचित्र आजार जडला. सकाळी चोक ओढून पहिल्या फटक्याला सुरू होणार, कोथरूडातून झोकात निघणार आणि वीस-पंचवीस किलोमीटर गेले की आचके देत बंद. मग स्टार्टर कितीही कण्हू द्या, ढिम्म. वीस मिनिटे रस्त्याच्या कडेला उभी करा, की जणू काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. गावात भाजी आणायला, आईला डॉक्टरकडे न्यायला बिनतक्रार. लांब निघालो की दुखणे. आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला मार्चअखेरीलाच पाठदुखी होते, त्यातला प्रकार.

अण्णांनी लक्षणे ऐकून सांगितले, "आचके देतेय. पेट्रोल पोचत नाहीये." आणि पंपावर ओले फडके ठेवायला सांगितले. कारण जुन्या गाडीत उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने नळीतल्याच पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती वाफ ओढत बसतो. म्हणून फडके भिजवून पंपावर गुंडाळायचे, वीस मिनिटे थांबायचे. गाडी सुरू झाली! फडक्याचा जयजयकार झाला. पुढच्या वेळी फडके विसरलो, म्हणून मिस्त्रींना फोन लावला. ते जेवत होते. वीस मिनिटांनी त्यांनी उलट फोन केला आणि "आता मारा बघू स्टार्टर" म्हणाले. गाडी सुरू! फोनवरून गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री म्हणून त्यांची कीर्ती आमच्या सोसायटीत पसरली. तिसऱ्या वेळी आईने मागच्या सीटवर बसून अथर्वशीर्षाची आवर्तने केली. तिचा वेग लक्षात घेता ती वीस मिनिटांत बरीच झाली. गाडी सुरू! फडके, मिस्त्री आणि गणपती या तिघांनाही यश मिळाल्यामुळे नक्की औषध कुठले हेच कळेना.

मग तज्ज्ञ मंडळी गोळा झाली. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "अहो, इथेनॉल! आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलंय. तुमच्या गाडीला पेट्रोलची सवय, तुम्ही तिला ऊस पाजताय." काकांचे सगळेच चूक नव्हते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि त्या काळच्या रबराला ते मानवत नाही. मिस्त्रींनी पाहिले तेव्हा पेट्रोलची रबरी नळी खरोखरच फुगून मऊ झाली होती. ती बदलली. पंपाचा पडदा कडक झाला होता, तोही बदलला. कार्ब्युरेटर खोलून जेटमध्ये फुंकर मारली. आता बोनेट उघडलेच आहे म्हणून पॉइंट घासले, त्यांच्यातली फट पातीने मोजून लावली, कंडेन्सर बदलला, चार प्लग नवे टाकले. आमच्या शाखेतल्या एका कॅशिअरचा सल्ला घेऊन कॉइलही बदलली. त्याच्या मेहुण्याच्या जीपला तसे झाले होते म्हणे. एकूण बिल ९,४५० रुपये. गाडी पूर्वीपेक्षा गुळगुळीत पळू लागली आणि बावीस किलोमीटरवर गुळगुळीतपणे बंद पडली.

सगळ्यात मोठी पंचाईत अशी, की गॅरेजमध्ये नेली की तिला काही होत नसे. दातांच्या डॉक्टरच्या पायऱ्या चढताना दाढ दुखायची थांबते ना, तसे. एकदा तर मिस्त्री स्वतः स्कूटरवरून नऱ्ह्यापर्यंत आले. आल्या आल्या त्यांनी रिवाजाप्रमाणे मला टाकी उघडायला लावून आत पेट्रोल आहे ना ते पाहिले, मग कार्ब्युरेटरजवळची नळी काढून स्टार्टर मारायला सांगितले. पेट्रोलची अशी जोरदार पिचकारी उडाली, की मिस्त्रींनी माझ्याकडे वेड्याकडे बघावे तसे बघितले. "साहेब, पेट्रोल तर फर्स्टक्लास येतंय. तुम्हीच काहीतरी गडबड करताय."

मला राग आला. ते खरे बोलत होते, हे मला अजून कळायचे होते.

दिवाळी जवळ आली तशी घरात कुजबुज सुरू झाली. दर भाऊबीजेला अण्णा वाईला माझ्या आत्याकडे जातात. १९९१ पासून एकही भाऊबीज चुकलेली नाही आणि एकही दुसऱ्या गाडीने झालेली नाही. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. गाडीचा हॉर्न ऐकल्याखेरीज ती निरांजन लावत नाही. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, या वेळी टॅक्सी करू या. खंबाटकीच्या घाटात बंद पडली म्हणजे?" शिवाय पासिंगची मुदत चार महिन्यांवर आलेली. पंधरा वर्षांपुढच्या गाडीला दर पाच वर्षांनी आर.टी.ओ.त जाऊन आपण अजून जिवंत असल्याचे सिद्ध करावे लागते. आमच्या बँकेत पेन्शनरांना नोव्हेंबरात करावे लागते तसेच. भंगारवाल्या कंपनीचा एक पोरगा एकदा येऊन गाडीचा फोटोही काढून गेला होता.

मला वाटले होते, अण्णा भांडतील. ते भांडले असते तर फार बरे झाले असते. पण नरकचतुर्दशीला फराळ करताना ते एकदम म्हणाले, "देऊन टाक. पासिंगला पैसे घालू नकोस. मलाही आता टॅपेटचा आवाज ऐकू येत नाही." आणि चकलीचा तुकडा मोडत बसले. त्यांना कानाला यंत्र लागल्यापासून ते इंजिन ऐकत नाहीत. बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहतात. मला वाटे, ते गाडी थंड झाली का बघतायत.

त्या रात्री मला झोप येईना. मी कपाटातून अण्णांची वही काढली. १९९१ पासूनच्या प्रत्येक पेट्रोलची त्यात नोंद आहे. तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, आणि शेरा. 'पंक्चर, शिरवळ.' 'फॅनबेल्ट तुटला, सुरूर फाटा. एस.टी.च्या ड्रायव्हरने मदत केली.' २०२२ साली अण्णांनी गाडी चालवणे सोडले, तिथून पुढे माझे अक्षर सुरू होते.

इथे मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी बँकेत लागलो तेव्हा संगणक आले होते, पण मला शिकवणारे हेडक्लार्क लेजरच्या जमान्यातले होते. संध्याकाळी हिशेब जुळेना की बाकीचे पहिल्या पानापासून बेरजा करत बसत. हेडक्लार्क आधी फरक बघत. फरकाला ९ ने भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झालेली असण्याचा संभव. ४५० च्या जागी ५४० लिहिले, की ९० चा फरक. फरकाच्या बरोबर निम्मी रक्कम कुठे दिसली तर जमेची नोंद नावे पडली आहे का ते बघायचे. आणि तेही नसेल तर ते विचारत, "शेवटचा जुळला होता कधी? आणि त्यानंतर नवीन काय घडलं?"

म्हणजे अण्णांच्याच जातीचा प्रश्न. फक्त गाडीला तो कुणी विचारला नव्हता.

मी वही पुढ्यात घेऊन पेन्सिलीने खुणा करू लागलो. पहिली गंमत ही दिसली, की पेट्रोल भरून पंपावरून निघाल्याबरोबर गाडी कधीही बंद पडली नव्हती. ते एक वेळ समजण्यासारखे होते. पण दुसरी गंमत विलक्षण होती. टाकी काठोकाठ भरली की गाडी अठरा-वीस किलोमीटरवर बंद पडे. टाकी अर्धी असली तर तीस-पस्तीस किलोमीटर जाई. जितके पेट्रोल जास्त, तितके मरण लवकर! पेट्रोल पोचत नाही म्हणावे, तर जास्त पेट्रोल असताना ते अधिक लवकर पोचेनासे का व्हावे?

आणि शेवटचा जुळला कधी? ७ सप्टेंबर, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार. 'पेट्रोल १० लिटर.' पुढे शेऱ्याचा रकाना कोरा. अक्षर माझे.

त्या कोऱ्या रकान्याकडे बघता बघता माझ्या पोटात खड्डा पडला. कारण तो कोरा का आहे, हे जगात मला एकट्यालाच ठाऊक होते. त्या दिवशी पंपावर पोराने झाकण काढून डिकीवर ठेवले आणि मी मोबाइलवर बोलत तसाच निघून आलो. परत जाऊन पाहिले, झाकण गायब. अण्णांनी चौतीस वर्षांत या गाडीचा एक स्क्रू हरवू दिलेला नाही. त्यांना काय सांगायचे? मी नाना पेठेत जाऊन १८० रुपयांचे नवे झाकण आणले. कुठल्या गाडीचे होते कोण जाणे, पण घट्ट बसले. वर चावीचे! आपण सुधारणाच केली, असे मी मनाला समजावले. झाकण गाडीच्या मागच्या अंगाला, अण्णा नेहमी पुढे बॉनेटपाशी. त्यांना दिसायचा प्रश्न नव्हता. नोंद मी केलीच नाही. बँकेत असे केले असते तर चौकशी लागली असती.

झाकण घट्ट बसले, हाच घोटाळा होता. आपण सगळे इंजिनाला हवा मिळते का बघत बसलो. टाकीला हवा लागते हे कुणाच्या लक्षातच आले नाही. टाकीतून पेट्रोल गेले की त्याच्या जागी हवा यायला हवी. पुष्कळ जुन्या गाड्यांत त्यासाठी झाकणालाच बारीक वाट ठेवलेली असते. माझ्या झाकणाला ती नव्हती. पंप ओढतोय, आत पोकळी वाढतेय, आणि शेवटी पंपालाही ओढवत नाही. टाकी भरलेली असेल तर मुळात आत हवा थोडी, म्हणून पोकळी लवकर. वीस मिनिटांत कुठून तरी इवलीशी हवा झिरपे आणि श्रेय फडक्याला जाई. आणि मिस्त्री आधी झाकण उघडायला लावत, म्हणजे तपासण्याआधीच रोगी बरा!

भाऊबीजेला मी रजा टाकली आणि कुणाला काही न सांगता पहाटे गाडी काढली. आदल्या दिवशी टाकी मुद्दाम काठोकाठ भरली होती. अण्णा पुढे, आई आणि सौभाग्यवती मागे. कात्रजचा बोगदा गेला. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर यंत्राने आमच्या १९८६ च्या काचेवरचा फास्टॅग निमूट वाचला. नाका ओलांडून पाच मिनिटे झाली असतील, गाडीने पहिला आचका दिला. मी कडेला घेतली. अण्णा सवयीने पायाशी ठेवलेले ओले फडके घेऊन खाली उतरले आणि बॉनेटकडे वळले.

"अण्णा, इकडे मागं या," मी म्हणालो.

मी चावी लावून झाकण फिरवले. 'सुस्स्स' असा आवाज झाला. उशिरा आलेल्या माणसाने धाप टाकावी तसा तो चांगला दोन-तीन सेकंद चालला. मग मी आत बसलो, स्टार्टर मारला. दोन-चार फेऱ्यांत इंजिन सुरू. फडके नाही, मिस्त्री नाही, अथर्वशीर्ष नाही.

अण्णा फडके हातात धरून उभे होते. त्यांनी झाकण माझ्या हातातून घेतले, उलटे करून बघितले, बोट फिरवले. मी पंप, मोबाइल, नाना पेठ, सगळे एका दमात सांगून टाकले. ४६ वर्षांच्या, दोन मुलांच्या बापाने रस्त्याच्या कडेला आपल्या बापासमोर असे उभे राहणे फारसे शोभिवंत दिसत नाही. तेवढ्यात एक मोटारसायकलवाला थांबून "बॅटरी का?" असे विचारून गेला.

"मूर्खा," अण्णा म्हणाले. मला बरे वाटले. चकलीचा तुकडा मोडण्यापेक्षा हे कितीतरी बरे होते. "पहिल्या दिवशी सांगितलं असतंस तर पहिल्या दिवशी सांगितलं असतं! अरे, तू हरवलंस ते झाकण तरी मूळचं कुठं होतं? मूळचं मीच १९९६ साली कोल्हापूरच्या पंपावर विसरलो. नवं आणलं तर हेच झालं. कराडच्या अलीकडे दोनदा बंद पडली. मग त्याला मी घरी खिळ्यानं भोक पाडलं."

मी थक्क झालो. "पण वहीत काहीच नोंद नाही!"

अण्णांनी मागे बघितले आणि आवाज खाली आणला. यंत्र लावणाऱ्या माणसाचा आवाज खाली आला तरी तो पुरेसा वर असतो. "तुझ्या आईला सांगितलं नव्हतं. 'गाडीतलं सगळं मला नीट लागतं' म्हणून मीच तिला येता-जाता ऐकवायचो ना. हळू बोल, तिला अजून माहीत नाही."

"माहीत आहे," मागच्या खिडकीतून आई म्हणाली. "माझा पोळपाट उलटा घालून त्यावर भोक पाडलंत. अजून खड्डा आहे त्याला."

पुढे दर पंधरा किलोमीटरला आम्ही थांबत गेलो. शिरवळ, खंबाटकीचा पायथा, सुरूर फाटा. मी झाकण उघडायचे, 'सुस्स' व्हायचे, आणि अण्णा बॉनेटवर तळहात ठेवून डोळे मिटून उभे राहायचे. सुरूर फाट्याला ते म्हणाले, "तिसऱ्या सिलिंडरचं टॅपेट सैल आहे. हाताला लागतंय." त्यानंतर वाई येईपर्यंत ते पासिंगला आधी काय काय करून घ्यायला हवे याची यादी सांगत होते.

आत्याच्या दारात हॉर्न दिला. आतून निरांजन आले. "इतका उशीर? पुन्हा बंद पडली वाटतं?" तिने विचारले.

"छे," अण्णा पाटावर बसत म्हणाले, "जरा हवा खात आलो."

नवे, योग्य झाकण आता बसले आहे. वहीत मी त्याची रीतसर नोंद केली आहे. मागची पाने उलटून १९९६ सालचीही करायला गेलो, तर तिथे शेऱ्याच्या रकान्यात अण्णांचे ताजे अक्षर आधीच होते. 'झाकण हरवले. चूक माझी.' आणि त्याखाली आईच्या अक्षरात, 'पोळपाट येणे बाकी.'